कान तुटलेला मग

शाळेच्या अंकासाठी दोन शब्द लिहा असा समितीचा मेसेज आला आणि मला दुसरं काही सुचेचना, फक्त सरच आठवले. कुठले सर ते आमच्या बॅचला सांगायला नको.

1972 च्या दुष्काळात आम्ही आटपाडीकडचं घर बंद करून सांगलीत आलो, वडील हळदीची पोती उचलायचे. शाळेत मधल्या सुट्टीत सुकडी (पिठाचा पौष्टिक खाऊ) मिळायची, ती वाटायचं काम सातवीत माझ्याकडं आलं. कान तुटलेला एक ॲल्युमिनियमचा मग होता, तेच माप. पोरांना मी हलक्या हातानं द्यायचो आणि वाचलेली कंपासपेटीत भरून न्यायचो, घरी धाकटी बहीण होती हे खरं पण निम्मी वाटेतच मी खायचो. एक दिवस भूमितीच्या तासाला पेटी उघडली आणि कोनमापकाला चिकटलेली सुकडी सरांना दिसली. ते एवढंच म्हणाले, "काम सोडायचं नाही. वर्षभर तूच वाटायची, माप गच्च भरायचं, आणि तू सगळ्यात शेवटी घ्यायची."

पहिला महिना लई जड गेला. एकदा पातेल्यात माझ्यापुरतं काहीच उरलं नाही, तर सरांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी अन् ठेचा माझ्या हातावर ठेवला आणि न बोलता निघून गेले. दिवाळीनंतर कधीतरी ध्यानात आलं, माप भरताना आता मनाशी भांडावं लागत नाही.

ऑफ तासाला त्यांनी चीनमधल्या दोन जुन्या विचारवंतांचं सांगितलेलं. मेन्शियस म्हणायचा, मूल विहिरीत पडताना दिसलं की कुणाच्याही काळजात चर्र होतंच, म्हणजे चांगुलपणाचं बी आतच असतं. शुन्झी म्हणायचा, माणूस जन्मतः स्वार्थीच, वाकडं लाकूड वाफेवर धरून सरळ करतात तसं त्याला घडवावं लागतं. माझ्यापुरतं विचाराल तर शुन्झी खरा, मला सरांनी वाफेवर धरलं.

2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45, निम्मी सांगली पाण्यात. आमचंही घर बुडालेलं, एका कॅम्पात मी दूध वाटत होतो आणि शेवटची पिशवी देऊन झाल्यावर बायको म्हणाली, अहो, आपली? तेव्हा सर डोळ्यापुढं उभे राहिले. त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं, ते आधीच गेले होते.

आता नवी इमारत झालीय, सुकडीची खोली पाडली म्हणे. तो मग कुणाकडं असेल तर कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.