कपातीच्या यादीत न दिसणारी माणसं

आज इंदिरानगरला मावसबहिणीकडे गेले होते. पुण्याच्या कंपनीचं काम ती नाशिकहून, घरूनच करायची. नोकरी गेली. लॅपटॉप, चार्जर, हेडफोन बबलरॅपमध्ये गुंडाळून कुरिअरवाल्याची वाट बघत बसली होती. राजीनामा द्या म्हणाले, तिने दिला. म्हणजे कपातीच्या कुठल्याच आकड्यात ती नाही!

हे आकडे मी नेमाने बघते. लेऑफ्स डॉट एफवायआय ही टेक कंपन्यांमधल्या नोकरकपातीची ऑनलाइन यादी रॉजर ली यांनी २०२० मध्ये, कोविडच्या सुरुवातीला काढली. २०२३ या एका वर्षात तिथे अडीच लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्याची नोंद आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं. पण हे झालं जाहीर केलेलं. अमेरिकेत १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला मोठ्या कपातीआधी ६० दिवस लेखी सूचना द्यावी लागते, ती सरकारदरबारीही जाते. आपल्याकडे राजीनामा लिहून घेतला की प्रश्नच मिटला. फार चीड येते याची.

आयटीतल्या पोरापोरींनो, पगाराच्या स्लिपा, ऑफर लेटर आजच स्वतःकडे उतरवून ठेवा. लॅपटॉप लॉक झाला की काही हाती लागत नाही. आणि कुणाकडे तिच्यासाठी ऑटोमेशन टेस्टिंगची (प्रोग्रॅम लिहून सॉफ्टवेअर तपासायच्या कामाची) जागा असेल तर मला इनबॉक्स करा, प्लीज.