मावशींच्या फोनवर नसलेले बटण

बँकांची, विम्याची आणि सरकारी सेवांची ॲप लोकांना खरोखर वापरता येतात की नाही, हे तपासणे हे माझे काम आहे. या कामाची पद्धत साधी असते. ज्यांच्यासाठी ॲप केले आहे त्यांच्यापैकी काही जणांना बोलवायचे, त्यांना रोजच्या जगण्यातले एखादे काम सांगायचे, ते करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायची विनंती करायची आणि आपण शेजारी बसून गप्प पाहायचे. गप्प बसणे हाच यातला सर्वांत अवघड भाग आहे, कारण समोरचा माणूस अडला की आपला हात आपोआप मदतीला जातो, आणि तो एकदा गेला की माणूस नेमका कशाने अडला हे कळण्याची संधी हातची निघून जाते.

गेल्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी बँकेच्या ॲपची नवी मराठी आवृत्ती तपासण्याचे काम आमच्याकडे आले. बँकेजवळच्या आकडेवारीत एक गोष्ट ठळकपणे दिसत होती. पैसे पाठवण्याच्या पानापर्यंत पुष्कळ खातेदार पोहोचत होते, रक्कमही लिहीत होते आणि तिथूनच ॲप बंद करून निघून जात होते. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला होता की ग्रामीण खातेदार, विशेषतः वयस्क माणसे, ऑनलाइन व्यवहाराला बिचकतात आणि शेवटच्या क्षणी माघार घेतात. फसवणुकीच्या बातम्या रोज कानावर येत असताना हा तर्क अगदीच निराधार नव्हता. त्यामुळे शाखाशाखांतून डिजिटल साक्षरतेचे मेळावे घेण्याचे जवळजवळ ठरले होते आणि आमच्या चाचणीकडून त्या निर्णयाला दुजोरा मिळावा, एवढीच अपेक्षा होती.

मी एकच अट घातली. चाचणीला येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा फोन आणावा, आम्ही आमचे फोन देणार नाही. ॲप बनवणाऱ्या कंपनीच्या मंडळींना ही अट पसंत पडली नाही. प्रत्येकाचा फोन वेगळा असला तर निष्कर्षांची तुलना कशी करायची, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो तांत्रिकदृष्ट्या रास्तही होता. माझे म्हणणे असे होते की वापरसुलभता हा ॲपचा सुटा गुण नसतो. आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अकराव्या भागातही विशिष्ट माणसाने, विशिष्ट उद्देशासाठी, विशिष्ट परिस्थितीत केलेला वापर कितपत साधतो, अशीच तिची व्याख्या आहे, आणि त्या परिस्थितीतला सर्वांत मोठा भाग म्हणजे माणसाच्या हातातला फोन. तो बहुधा मुलाने वापरून जुना झालेला असतो, त्याची साठवण भरलेली असते, काच तडकलेली असते, आणि घरातल्या कुणीतरी सेटिंगमध्ये केलेले बदल त्यात तसेच राहिलेले असतात. पाच माणसांवर चाचणी घेतली तरी बहुतेक दोष सापडतात, असे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले आणि आमच्या क्षेत्रात ते सर्रास सांगितले जाते. पण पाचही जणांच्या हातात कंपनीने दिलेला एकाच जातीचा कोरा फोन असेल, तर माणसे पाच असली तरी परिस्थिती एकच तपासली जाते, असे माझे ठाम मत आहे. अखेर बँकेने अट मान्य केली. चाचणीसाठी ॲपची वेगळी प्रत तयार झाली, तिच्यात खोटी खाती आणि खोट्या रकमा भरण्यात आल्या, म्हणजे कुणाच्या खऱ्या पैशाला आमचा स्पर्श होणार नव्हता. मग सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शाखेच्या वरच्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत आम्ही दिवसभरासाठी बसलो.

सकाळी पहिले आले ते किराणा दुकानदार. दुकानात दिवसभर क्यूआर कोडवर पैसे घेणाऱ्या या गृहस्थांना काहीही अडचण आली नाही आणि ते लवकर मोकळे झाले.

त्यांच्यानंतर एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आले. गुरुजींनी लॉगिन करताच ओटीपीचा संदेश आला. तो पडद्याच्या वरच्या कडेला क्षणभर दिसला आणि नाहीसा झाला. गुरुजींनी ॲप सोडून संदेशांचे पान उघडले, खिशातले पेन काढले आणि सोबतच्या कागदावर सहा आकडे नीट उतरवून घेतले. मग ते ॲपकडे परतले. पण परतण्याचा त्यांना माहीत असलेला मार्ग म्हणजे मुख्य पडद्यावर जाऊन ॲपचे चित्र पुन्हा दाबणे, आणि तसे केल्यावर ॲपने सुरक्षेच्या कारणास्तव सगळे पहिल्यापासून सुरू केले. कागदावरचा ओटीपी निरुपयोगी ठरला आणि नवा आला. चालू असलेली ॲप शेजारी शेजारी दिसतात आणि त्यांतले हवे ते निवडता येते, हे गुरुजींना कुणी सांगितलेले नव्हते. फोनच्या तळाशी पूर्वी त्यासाठी दिसणारे बटण असे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून बोटाच्या सरकवण्यावर चालणारी रचना रूढ होत गेली आणि पुष्कळ फोनांवरून ते बटण गेले. न दिसणारी सोय ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्यालाच सापडते. गुरुजी शांतपणे म्हणाले, “आकडे सहा, सेकंद तीस, आणि मध्येच तुम्ही दार लावून घेता. विद्यार्थ्याला एवढ्या वेळात मी शुद्धलेखनही घातले नसते.” तो कागद मी त्यांच्याकडून मागून घेतला. संदेशातला ओटीपी खातेदाराच्या परवानगीने ॲपला स्वतःहून वाचता येतो. तशी सोय अँड्रॉइडमध्ये आहे, ती येथे वापरलेली नव्हती.

दुपारी मावशी आल्या. वय साठीच्या आसपास, घरी दोन म्हशी आणि एक गाय. दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी त्यांच्या खात्यात जमा होते आणि त्यातली काही रक्कम पिंपरीत शिकणाऱ्या नातवाला पाठवायची असते. त्यासाठी त्या दर वेळी एसटीने शाखेत येतात, पासबुक भरून घेतात आणि खिडकीशी रांगेत उभ्या राहतात. फोन मुलाचा जुना होता. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर मुलाने त्यातली अक्षरे सर्वांत मोठी करून दिली होती आणि फोनची भाषा मराठी ठेवली होती. मुलाने हे मनापासून आणि अचूक केले होते, कारण मावशी आलेला प्रत्येक संदेश स्वतः वाचत होत्या.

मी त्यांना सांगितले, “मावशी, दुधाचं बिल जमा झालंय का ते बघा, आणि नातवाला पाचशे रुपये पाठवा. पैसे खोटे आहेत, काही बिघडणार नाही.” बिल त्यांनी लगेच शोधून दाखवले. पाठवण्याच्या पानावर नातवाचे नाव निवडले, रकमेच्या चौकटीवर बोट ठेवले, कीबोर्ड वर आला, पाच, शून्य, शून्य अशी अक्षरे पडली आणि मावशी थांबल्या. पडदा वरून खालपर्यंत न्याहाळला. कीबोर्डवरची बरोबरची (✓) खूण दाबली, काही झाले नाही. रकमेवर पुन्हा बोट ठेवले. मग मागे आल्या, तशी लिहिलेली रक्कम पुसली गेली. पुन्हा नाव, पुन्हा रक्कम, पुन्हा तोच थांबा. त्यांच्या हालचालीत कुठेही भीती नव्हती. होती ती चिकाटी, आणि हळूहळू येणारा संकोच. शेवटी फोन टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “ताई, माझंच काहीतरी चुकतंय. घरी पण इथंच अडतं. पोरगं म्हणतं, आई, तुला नाही जमायचं.”

हे वाक्य मी या कामात असंख्य वेळा ऐकले आहे. शिलाई मशीनचा दोरा तुटला तर माणूस मशीन तपासतो, पण फोनवर अडला की तो स्वतःला दोष देतो. मी माझा फोन काढला, त्यावर ॲपचे तेच पान उघडले आणि दोन्ही फोन शेजारी ठेवले. माझ्या पडद्यावर रकमेच्या चौकटीखाली ‘पुढे जा’ हे हिरवे बटण होते. मावशींच्या पडद्यावर ते नव्हते. ॲप बनवणाऱ्या कंपनीचा तरुण प्रोग्रामर खोलीच्या कोपऱ्यात बसला होता. त्याने उठून मावशींचा फोन विचारून हातात घेतला आणि पान वर सरकवून पाहिले. पान सरकत नव्हते. बराच वेळ त्याने काही न बोलता बोट फिरवून पाहिले आणि मग मान्य केले की या फोनवर हे काम होणे शक्यच नाही.

कारण समजायला सोपे आहे. अँड्रॉइडमध्ये अक्षरांचे माप वापरणाऱ्याने निवडलेल्या आकारानुसार वाढते, पण ठरावीक उंची दिलेल्या चौकटी त्या निवडीने वाढत नाहीत. मावशींच्या फोनवर शीर्षक, नाव, खाते क्रमांक आणि सूचना यांच्या ओळी मोठ्या होऊन दुमडल्या आणि त्यांनी खालचे बटण पडद्याच्या तळाशी ढकलले. तिथे कीबोर्ड येऊन बसला. पान सरकते ठेवले असते तरी बटण सापडले असते, पण ते स्थिर ठेवलेले होते, कारण इंग्रजी मजकूर आणि नेहमीच्या आकाराची अक्षरे घेऊन केलेल्या आराखड्यात सगळे एका पडद्यात मावत होते. देवनागरीला तर मुळातच उभी जागा अधिक लागते. वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार. ‘पूर्वीचे व्यवहार’ या बटणावर दीर्घ उकाराचा तळ कापला गेला होता, हेही तेव्हाच लक्षात आले. वेबच्या सुलभतेची २००८ सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की अक्षरे दुप्पट केली तरी मजकूर आणि कामे शाबूत राहिली पाहिजेत. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून फोनमध्येही दुपटीपर्यंत वाढ करता येते. म्हणजे मावशींच्या मुलाने केले ते फोनने अधिकृतपणे देऊ केलेल्या सोयीच्या आतले होते.

खाली खिडकीवर बसणाऱ्या लिपिक ताईंना मी वर बोलावले. त्यांनी सांगितले की ‘ॲप पुढं जात नाही’ म्हणून येणारे खातेदार बरेच असतात. तक्रार वहीत त्यांची नोंद ‘ग्राहकास वापर जमत नाही’ अशी होते आणि ती तिथेच संपते. त्यांनी अत्यंत सद्भावनेने एक तोडगाही सुचवला: मावशींनी अक्षरे थोडी बारीक करावीत. आम्ही तसे करून पाहिले. दोन पायऱ्या खाली आल्यावर ‘पुढे जा’ दिसू लागले. मावशींनी फोन दूर धरला, जवळ आणला, डोळे बारीक केले आणि विचारले, “मग आकडे कुणी वाचायचे? पाचशेचे पाच हजार गेले तर?”

त्या प्रश्नानंतर तोडग्याचा विषय मी बंद केला. पैसे कुणाला आणि किती चालले आहेत हे वाचता येणे ही व्यवहाराची पहिली गरज आहे. ती सोडून बटण मिळवणे याला सोय म्हणता येत नाही. मी मावशींना दोन्ही फोन दाखवून समजावले की बटण त्यांच्या पडद्यावर आलेच नव्हते आणि त्यांनी केलेली प्रत्येक कृती योग्य होती. त्यांनी फोन मुलाला दाखवता यावा म्हणून दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो मागितला. तो मी त्यांना लगेच पाठवला.

पुढच्या आठवड्यात बँकेच्या मुख्यालयात बैठक झाली. आकडेवारीतली जी माणसे घाबरून परत फिरल्याचे मानले होते, त्यांच्यापैकी किती जणांना बटणच दिसले नसेल, हे ॲपच्या नोंदींवरून सांगता येत नव्हते, कारण फोनवरील अक्षरांचा आकार नोंदवलाच जात नव्हता. एका अधिकाऱ्यांनी विचारले की एवढी मोठी अक्षरे वापरणारे असतील तरी किती. चाळिशी लागलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी अक्षर मोठे करावेसे वाटते, हे मी सांगितलेच, पण संख्येचा वाद घालण्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. ओळख पटवण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करण्याची अट ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिबाधित व्यक्तींना पुरी करता येत नाही, या गाऱ्हाण्यावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग मानला. अशा सेवेत अडलेले लोक थोडे आहेत की फार, यावर त्यांचा हक्क ठरत नाही. प्रोग्रामर तरुणाने माझ्या बाजूने बोलायला सुरुवात केली तेव्हा मला फार बरे वाटले. मावशींचा फोन हातात धरल्यापासून त्याला तो प्रश्न स्वतःचा वाटू लागला होता.

साक्षरतेचे मेळावे लांबणीवर पडले. नव्या आवृत्तीत सर्व पाने सरकती झाली, ‘पुढे जा’ कीबोर्डच्या वर येऊन बसले, कीबोर्डवरची बरोबरची खूणही तेच काम करू लागली आणि मागे गेल्यावर रक्कम पुसली जाणे बंद झाले. प्रत्येक नवी आवृत्ती सर्वांत मोठ्या अक्षरांवर आणि मराठीत तपासल्याखेरीज बाहेर पडणार नाही, असेही लेखी ठरले. तक्रार वहीत आता फोनचा प्रकार, अक्षरांचा आकार आणि खातेदार कोणत्या पानावर अडला, असे तीन रकाने आहेत. लिपिक ताई ते स्वतः फोन पाहून भरतात. ओटीपीची मुदत वाढवण्याचा आणि तो ॲपने स्वतः वाचण्याचा प्रस्ताव मात्र सुरक्षा विभागाकडे अजून प्रलंबित आहे. त्यांच्यासोबतच्या पुढच्या बैठकीत गुरुजींनी लिहिलेला तो सहा आकड्यांचा कागद मी टेबलावर ठेवणार आहे आणि विभागप्रमुखांना स्वतःच्या फोनवर, अक्षरे मोठी करून, तेच काम करून पाहण्याची विनंती करणार आहे.