खुणेपुरता कागद

गेल्या महिन्यात घराला रंग द्यायचे ठरले आणि पुस्तकांचे कपाट रिकामे करण्याची कामगिरी माझ्याकडे आली. रंगाऱ्याने त्यासाठी एक दिवस दिला होता. मला तीन लागले. पुस्तके जड होती म्हणून नव्हे, तर जे पुस्तक उचलावे त्यातून काहीतरी खाली पडत होते म्हणून. एसटीची तिकिटे, सिनेमाच्या तिकिटाचा अर्धा तुकडा, आपट्याचे वाळके पान, कुणाच्या तरी लग्नाच्या अक्षतांची चपटी झालेली पुडी. रंगारी दारात येऊन "साहेब, उरकतंय ना?" असे विचारून जाई, आणि मी जमिनीवर मांडी घालून एखाद्या चिटोऱ्यावरचा पुसट आकडा उजेडाकडे धरून वाचत बसलेलो असे.

वास्तविक वाचन कुठे थांबले ते कळावे म्हणून पानांत ठेवायच्या रीतसर खुणा माझ्याकडे पुष्कळ आहेत. पुस्तके वाचणाऱ्या माणसाला काय भेट द्यावी हे न सुचल्यामुळे लोक गोंडा लावलेल्या, सुविचार छापलेल्या खुणा देतात आणि त्या सगळ्या एका खणात कोऱ्या करकरीत पडून आहेत. वाचन थांबते ते ठरवून नव्हे. दूध उतू जाते, बेल वाजते, उतरायचा थांबा येतो, आणि त्या क्षणी हाताशी जे असेल ते पानांत सरकते. पुस्तक पालथे ठेवण्याची आमच्या घरात सोय नव्हती, कारण त्याने शिवण उसवते असे वडिलांचे म्हणणे होते, आणि पानाचा कोपरा दुमडलेला त्यांना दिसला, तर "मास्तरांनी तुझा कान असा पिरगाळून ठेवला तर चालेल का?" एवढे एकच वाक्य ते बोलत. त्या धाकातून माझी चिटोऱ्यांची सवय लागली असावी.

आजीची खूण मात्र ठरलेली असे. चातुर्मासात ती रोज पोथी वाचायची आणि वाचून झाले की विझलेल्या उदबत्तीची काडी पानांत घालून पोथी रुमालात बांधून ठेवायची. पोथी आता माझ्याकडे आहे. तिच्या कित्येक पानांवर कुंकवाचे बोट उमटलेले आहे, काही ठिकाणी तुपाचा डाग आरपार गेलेला आहे, आणि एका अध्यायाच्या तोंडाशी ती काडी अजून तशीच आहे. गंमत अशी, की आजीला ती पोथी जवळजवळ पाठ होती. पान उलटायच्या आधीच तिच्या तोंडून पुढची ओवी निघून गेलेली असे. तिला खुणेची गरज काय होती हे मला तेव्हा कळले नव्हते, आणि विचारले असते तर "असू दे, देवाचं आहे" यापलीकडे उत्तर मिळाले नसते.

शाळेतल्या पुस्तकांत ठेवायच्या वस्तूंचा तर वेगळाच संसार होता. सरस्वतीपूजनानंतर वहीत घालायचे विद्येचे पान, पाण्यात कुजवून जाळी उरलेले पिंपळपान, आणि मोरपीस. मोरपिसाला पेन्सिलीचा भुगा खाऊ घातला की ते पिल्लू घालते, अशी वर्गात सर्वांची खात्री होती. मी भूगोलाच्या पुस्तकात एक पीस वर्षभर पोसले. पिल्लू झाले नाही, पण महाराष्ट्राच्या नकाशावर शिशाचा असा काही थर चढला, की कोकण आणि देश यांतला फरक उरला नाही.

पण कपाटातून सर्वांत जास्त निघाली ती एसटीची तिकिटे. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. मी ज्या गाड्यांनी फिरलो त्या पुष्कळ नंतरच्या, तरी तिकीट देण्याची रीत माझ्या तरुणपणापर्यंत जुनीच होती. कंडक्टरच्या हातात एक पत्र्याची पेटी असे, तिच्यात निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांच्या गड्ड्या ओळीने बसवलेल्या असत, आणि चिमटा वाजवत तो मागच्या बाकांकडे सरकत येई. भाड्याचा आकडा एका तिकिटात बसत नसे, म्हणून दोन-तीन रंगांची तिकिटे जोडून तो त्यांना भोक पाडून हातात ठेवी. एका प्रवासात तीन खुणा, याहून वाचकाची अधिक सोय कोणी केली असेल असे वाटत नाही.

अशीच तीन तिकिटे एका जाड कादंबरीच्या 214 व्या पानावर सापडली, एकात एक अडकलेली. पान पाहताच मला खंबाटकीचा घाट आठवला. कादंबरीतला एक वयोवृद्ध माणूस त्या पानावर मरतो आणि मी ते साताऱ्याला जाताना, खिडकीजवळच्या बाकावर, अक्षरे नाचत असताना वाचले होते. वळणावर पुढच्या बाकावरची पाटी सरकून माझ्या पायावर आली होती, आलेपाक विकणारा पोरगा वरच्या दांडीला धरून उभा होता, आणि डिझेलच्या वासात तो म्हातारा शांतपणे गेला. आजही त्या मृत्यूला माझ्या लेखी आलेपाकाचा वास आहे. लेखकाने त्यासाठी सनईचे सूर वगैरे योजले होते, पण त्याचा इलाज चालला नाही.

सिनेमाच्या तिकिटाची कहाणी इतकी सरळ नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाशी जे प्रभात चित्रपटगृह होते, ते 1934 साली सुरू झाले आणि 2014 च्या अखेरीस त्या नावाने चालायचे थांबले. त्या चौकात पुस्तके घ्यायची आणि शेजारी सिनेमाला जायचे, हा आमच्या पिढीतल्या अनेकांचा ठरलेला क्रम होता. त्यामुळे नव्या पुस्तकात तिकिटाचा तुकडा जाणे ओघानेच आले. मला सापडला तो गुलाबी, पातळ, जवळजवळ पतंगाच्या कागदासारखा. त्यावर खुर्चीचा क्रमांक रंगीत पेन्सिलीने घाईघाईत ओढलेला, शिक्क्यातला 14 हा आकडा कसाबसा दिसणारा, आणि डोअरकीपरने फाडल्यामुळे महिना गेलेला. सिनेमाचे नाव त्या तुकड्यावर कुठेच नव्हते. पुस्तक होते बागकामाचे, म्हणजे तेथूनही काही धागा मिळेना. मी तो तुकडा बायकोला दाखवला आणि "आपण कोणता सिनेमा पाहिला असेल गं?" असे विचारले. तिने तो हातात घेऊन नीट पाहिला, पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी टाकलेली तारीख वाचली आणि म्हणाली, "या वर्षी आपलं लग्न झालं नव्हतं." त्यानंतर त्या तिकिटाबद्दल मी फारसे संशोधन केले नाही.

वाचनालयाच्या पुस्तकांत दुसऱ्यांच्या खुणा भेटतात, आणि त्या मला आपल्या खुणांपेक्षाही मोहात पाडतात. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी असते, तिच्यावरून पुस्तक किती वर्षे कुणी हलवले नाही ते कळते, पण कुणी कुठे सोडले ते सांगायला आतला कागदच लागतो. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम 1931 साली मांडणाऱ्या रंगनाथन यांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवावा असा आहे; मी मात्र एकदा वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातील वाण्याच्या यादीवर अख्खी दुपार घालवली होती. तूरडाळ 2 किलो, शेंगदाणे अर्धा, साबुदाणा पाव, आणि शेवटी वेगळ्या शाईने, "बदाम नकोत". हे बदाम कोणी मागितले होते आणि कोणी नाकारले? पुस्तकात त्या पानापुढे एकही पान हाताळल्यासारखे दिसत नव्हते. यादी मी परत जागेवर ठेवून दिली.

याच आवराआवरीत आयकरावरच्या एका जुन्या पुस्तकातून आईने ठेवलेल्या पाचशेच्या चार नोटा निघाल्या. वाचणाऱ्यांच्या घरात पुस्तकात पैसे लपवणे धोक्याचे, हे ओळखून तिने जे पुस्तक कोणीच उघडणार नाही ते बरोबर हेरले होते. हेरणे इतके अचूक ठरले, की नोटाबंदीचा 8 नोव्हेंबर 2016 आला आणि गेला तरी कोणाला पत्ता लागला नाही. अशा जुन्या नोटा दहापर्यंत जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही, तेव्हा त्या आता चार निरनिराळ्या पुस्तकांत खुणा म्हणून कामाला लागल्या आहेत.

सगळ्यांत शेवटी हाताला लागली ती एक कोरी चिठ्ठी. दोन बोटे रुंद, गुळगुळीत, किंचित पिवळट. दोन्ही बाजूंना अक्षर नाही. हे अलीकडच्या यंत्रातून निघालेले तिकीट असणार, किंवा कुठल्याशा दुकानाची पावती. या कागदावर शाई नसतेच. कागदाला उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि यंत्र त्याला चटके देऊन अक्षरे उमटवते. ऊन, उष्मा किंवा प्लास्टिकचे वेष्टन लागले की ती अक्षरे हळूहळू उडून जातात. चाळीस वर्षांपूर्वीचे पेन्सिलीचे फर्राटे मला वाचता येत होते आणि चार-पाच वर्षांपूर्वीच्या या कागदाने सगळे पोटात घातले होते. पुस्तक प्रवासवर्णनाचे होते आणि मी ते 112 व्या पानावर का सोडले, घरी की गाडीत, पावसात की उन्हात, यातले काही म्हणजे काही आठवेना.

मुलगी शेजारी कपड्यांना इस्त्री करत होती. उष्णतेने काळा होतो ना, मग किंचित शेक दिला तर गेलेली अक्षरे वर येतील, असा तर्क मी तिला सांगितला. "बाबा, नको," असे ती म्हणेपर्यंत मी चिठ्ठीवर इस्त्री टेकवली होती. कागद एका क्षणात या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाकुट्ट झाला. दारातून रंगाऱ्याने पुन्हा विचारले. मी ती काळी पट्टी फुंकर घालून गार केली, 112 व्या पानावर ठेवली आणि पुस्तक खोक्यात घातले.