भाव किलोचाच

"चालू असला काय नि बंद असला काय दादा, भाव किलोचाच." जुन्या बाजारात आज एकाने असं म्हणत जुन्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट काट्यावर टाकलं. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

घरी आणून झाकण उघडलं. पंख्यावर धुळीचा जाड थर, पण मदरबोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) सगळे सपाट, एकही फुगलेला नाही. म्हणजे जीव आहे! बटण दाबलं तर नुसते बीप, स्क्रीन काळी. रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासल्या, परत खटकन बसवली. डिस्प्ले आला. तारीख भलतीच दाखवत होता, त्याला सीआर २०३२ चा नवा सेल लागला. ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

एवढ्यासाठी हा भंगारात?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. प्रोसेसर जुना किंवा टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, म्हणून विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट डेस्कटॉप आता असेच काट्यावर चढणार. मला याचा खरंच त्रास होतो. विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकलं की त्यांवर मराठी टायपिंग होतं, हिशेब होतात, पोरांना प्रोग्रॅमिंग शिकता येतं.

हा एका शाळकरी मुलीला द्यायचाय. सोबत मॉनिटर हवाय. कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाच्या माळ्यावर जुना एलसीडी पडून आहे का? भंगारात देण्याआधी मला सांगाल?