तुम्ही विचारलंत म्हणून: मांडीवर घेतलं तर काय बिघडतं?

मुलांच्या कारसीट, म्हणजे गाडीच्या सीटवर बांधायच्या पट्ट्यांच्या छोट्या खुर्च्या, गाडीत नीट बसवून द्यायला मी मदत करते, त्यामुळे हा प्रश्न सतत कानावर येतो. कधी आई विचारते, कधी आजी: "मी घट्ट धरून बसते ना, मग मांडीवर घेतलं तर काय बिघडतं?" विचारण्यामागे माया असते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

बाळ धरून ठेवता येत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी समोर आदळली, की तिचं नाक अर्धा-पाऊण मीटर चेपतं आणि ती थांबते. आतली माणसं मात्र त्याच वेगाने पुढे जात असतात. त्या क्षणी दहा किलोचं बाळ हातांना दीडशे किलोच्या आसपास ओढ देतं, आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकतं. हात आवळायचं मनात येईपर्यंत बाळ हातात राहिलेलं नसतं. धरणाऱ्याने बेल्ट लावला नसेल तर त्याचं अख्खं वजन बाळावर येतं. दोघांना मिळून एकच बेल्ट लावणं तर आणखी वाईट, कारण मोठ्याच्या वजनाने तो बाळाच्या पोटात रुततो.

"इथल्या इथेच तर जायचंय," असंही म्हणतात. ५०चा वेग गल्लीबोळ सोडले की कुठल्याही रस्त्यावर लागतोच.

मग पुढचा प्रश्न येतो: सीट घेतली, पण बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला का? त्याला बाहेरचं काही दिसत नाही, आमचा चेहरा दिसत नाही, पाय आखडतात. मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं ते यावरच. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं आणि जड असतं, मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. तोंड पुढे असेल तर टकरीत धड पट्ट्यांत अडकून राहतं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ एकत्र सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का पसरतो. स्वीडनमध्ये बर्टिल ऑल्डमन यांनी १९६०च्या दशकात अशा सीटवर काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर पाठीवर रेलून अवकाशात जाणारे अंतराळवीर होते. युरोपात २०१३पासून लागू झालेल्या आर-१२९ या मानकाने किमान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवायला सांगितलं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये वयाचा आकडाच काढून टाकला: सीटवर लिहिलेली वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच. पायांचं म्हणाल तर मुलं मजेत मांडी घालून बसतात. पुढे एअरबॅग चालू असेल तिथे मात्र मागे तोंडाची सीट कधीही लावू नका. एअरबॅग सीटच्या पाठीवरच आदळते आणि बाळ त्यातून वाचणं कठीण.

सीट असूनही सैल असते, हे मला रोज दिसतं. बाळाची सीट गाडीच्या बेल्टने किंवा आयसोफिक्सने (गाडीतच बसवलेल्या धातूच्या कड्यांना अडकवून) जिथे बांधली आहे, तिथे हाताने धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा. मग बाळाचे पट्टे ओढा आणि खांद्यापाशी पट्टा उभा चिमटीत धरून बघा. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर सैल आहे. बोटं नुसती घसरली तर ठीक. जाड जाकीट असेल तर ते आधी काढा, पट्टे आवळा, आणि पांघरूण वरून घाला. जाकिटातली हवा टकरीत दबते आणि तेवढाच पट्टा ढिला पडतो. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत, पुढे तोंड असताना खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून. एवढी दोन मिनिटं खरंच द्या. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या अंदाजाप्रमाणे कारसीटमुळे एक वर्षाखालच्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो.

जुनी सीट कुणी देत असेल तर ती कुठल्या अपघातात सापडली होती का, हे आधी विचारा. खात्रीचं उत्तर नसेल तर घेऊ नका.

मूल मोठं झालं की घाई सुरू होते. "आता बूस्टर कशाला, शाळेत जातोय तो." बूस्टर म्हणजे गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक. वय बघू नका, बेल्ट कुठून जातो ते बघा. पाठ टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेला वाकतात का, खालचा पट्टा मांड्यांच्या वर कमरेच्या हाडावर बसतो का, वरचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधून जातो का? बहुतेक मुलांचं हे साधारण १४५ सेंटिमीटर उंचीला जमतं. त्याआधी पट्टा पोटावर चढतो, आणि हिसका बसला की आतड्यांना इजा होते.

आणि वाटेत बाळ रडायला लागलं तर? सीटमधून काढून मांडीवर घेऊ नका. सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा, मग त्याला बाहेर काढा, जवळ घ्या, पाजा, हवं तितका वेळ थांबा. ते शांत झालं की पुन्हा सीटमध्ये बसवून पट्टे आवळा आणि मगच गाडी सुरू करा.