डुकरांचा नर बदला म्हणतो, ते का

मी गुरांचा डॉक्टर. सिंधुदुर्गातल्या बांदा-दोडामार्ग पट्ट्यात डुकरं पाळणाऱ्या घरी गेलो की मी आधी नराची चौकशी करतो. कुठून आणलात, किती वर्षं तोच आहे, त्याच्याच पोरींवर सोडता का? लोकांना वाटतं डॉक्टर वजनाचं बघतोय. वजनाचं आहेच, पण माझा जीव अडकलेला असतो तो कळपाच्या रोगप्रतिकारशक्तीत.

गेल्या पावसाळ्यात एका घरी नुकतंच दूध तोडलेल्या पिल्लांना हगवण लागली. पिवळी, पाण्यासारखी. डोळे आत गेलेले, कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी. आणि त्यांच्याच अंगावर पाय देऊन एक पिल्लू भांड्यातली पेज भुरकत होतं. घरच्या आजी म्हणाल्या, ‘‘डॉक्टरांनू, सगळी एकाच आवशीची पोरां, मगे ह्यां कसां धडधाकट?’’

अशा वेळी कारणं बरीच असतात. कुणाला चीक पोटभर मिळालेला असतो, कुणी रात्री ओल्यात कुडकुडलेलं असतं. पण एक कारण आईबापांकडूनच आलेलं असतं. दूध तोडल्यानंतरच्या हगवणीतला ई. कोलाय या जिवाणूचा एफ१८ हा प्रकार आतड्याच्या पेशींवर जागा धरून बसतो. ही जागा तयार होण्यात एफयूटी१ या जनुकाचा हात असतो. त्या जनुकाच्या अक्षरमालेत ३०७ क्रमांकावर ‘जी’ऐवजी ‘ए’ हे अक्षर आईकडून आणि बापाकडून असं दोन्हीकडून आलं, तर या जंतूला चिकटायला जागाच मिळत नाही. बाकी शरीर तेच, गोठाही तोच.

ही झाली जंतूच्या पकडीची गोष्ट. शरीराचे पहारेकरी वेगळे. पेशींवर जंतू ओळखणारे रेणू असतात, त्यांना टोल-लाइक रिसेप्टर म्हणतात; डुकरात ते दहा आहेत. त्यातला चौथा जंतूंचं बाहेरचं आवरण ओळखतो, पाचवा त्यांची शेपटी. या पाचव्यात एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक मणी, बदललं तरी साल्मोनेला या जिवाणूच्या शेपटीची ओळख मंदावते, हे पेशींवरच्या प्रयोगांत दिसलंय. शिवाय सातव्या गुणसूत्रावर एसएलए जनुकांचा समूह आहे. जंतूचे तुकडे टी-पेशी या लढाऊ पांढऱ्या पेशींपुढे मांडणारे रेणू तिथून बनतात. आईची प्रत एक आणि बापाची दुसरी असेल, तर जास्त तऱ्हेचे तुकडे मांडता येतात. बापलेकीचा जोड लावला की दोन्ही प्रती सारख्या निघण्याची शक्यता वाढते. मी नरामागे लागतो तो यासाठी.

एकाच रिसेप्टरवर किती अवलंबून असतं, ते पीआरआरएस या डुकरांच्या विषाणूजन्य रोगात दिसतं. त्याचा विषाणू पेशीत शिरतो तो पेशीवरच्या सीडी१६३ या रिसेप्टरमुळे. तो जनुक बदललेल्या डुकरांना या विषाणूची लागण होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०२५ मध्ये त्या डुकरांना मान्यता दिली. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य तापाला मात्र असा एका जनुकातला बदल पुरला नाही. आफ्रिकेतल्या वॉर्टहॉग या रानडुकराला या तापाचा विषाणू आजारी पाडत नाही, म्हणून त्याचा आरईएलए जनुकातला फरक पाळीव डुकरात घालून पाहिला. डुकरं काही वाचली नाहीत.

म्हणून यॉर्कशायर या पांढऱ्या विलायती जातीच्या नादात गावठी काळी डुकरं सरसकट विकून टाकू नका, असं मी कळवळून सांगतो. शेजारच्या गोव्यात काणकोणच्या आगोंदचं काळं डुक्कर ‘अगोंडा गोवन’ नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदलंय. खरकट्यावर, आपल्या दमट हवेत पिढ्यान् पिढ्या तगलेलं हे जनावर. त्याच्या रक्तात कुठली अक्षरं आहेत ती पुरती वाचून व्हायच्या आतच ती खाटकाकडे जाऊ नयेत. यॉर्कशायर हवाच असेल तर आणा, पण दोन-चार गावठी माद्या राखून ठेवा.

आणि दोन घरांनी नरांची अदलाबदल करायची ठरवली, तर आलेला नर महिनाभर कळपापासून लांब, वेगळ्या भांड्या-बादलीवर ठेवा. त्याची झाडलोट, खाणंपिणं सगळ्यात शेवटी उरका, मग हातपाय धुवा. हॉटेलचं खरकटं घालत असाल तर ते खळखळून उकळा. ताप दिसला, कान लालनिळे झाले, तर विकायची घाई न करता आधी मला फोन करा.