खाऱ्या वाऱ्यात टिकणारी केबल

मोबाईल ॲक्सेसरीजचा धंदा म्हणजे मुंबईच्या मनीष मार्केटमधून माल भरायचा, गावी आणायचा आणि दोन पैसे चढवून विकायचा, असंच आमच्या मालवणात सगळे धरून चालतात. माझा दादाही बरीच वर्षं तेच करत होता. मोबाईल दुरुस्तीचं दुकान, काचेच्या कपाटात कव्हरं, खुंटीला टांगलेल्या केबली. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून पुण्यात नोकरीला होते. लॉकडाऊनमध्ये घरी आले आणि दुकानात बसायला लागले. आज कुडाळ एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे आणि वेंगुर्ल्यापासून राजापूरपर्यंतच्या दुकानांत आमच्या नावाचा माल जातो. बरेच जण विचारतात, कागदपत्रं कशी केली, कर्ज कसं मिळालं, नाव कसं मिळालं. म्हणून हे लिहिते आहे. ब्रँडचं नाव मात्र देत नाही, ही जाहिरात नाही.

सुरुवात परत आलेल्या केबलींनी झाली. किनाऱ्यावरचं गिऱ्हाईक आणि आत कसाल-कणकवलीकडचं गिऱ्हाईक एकच केबल नेतं. आतल्याची वर्षभर चालते, दांडीवरच्या, म्हणजे आमच्या मालवणच्या किनाऱ्यावरच्या, माणसाची पावसाळ्याआधीच परत येते. रापणीचं जाळं ओढून मासेमारी करणाऱ्या एका रापणकर काकांनी केबल काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "बाय, गावात चलता ती केबल दर्यार चलणा नाय." दादाने नेहमीप्रमाणे बदलून दिली. मी मात्र ती जुनी केबल घेतली, ब्लेडने कनेक्टरचं प्लास्टिक सोललं आणि भिंगाखाली धरली. सगळ्या पिना सारख्या खराब नव्हत्या. पाच व्होल्ट वाहून नेणाऱ्या पिनेवर हिरवट पापुद्रा चढला होता, शेजारच्या पिना त्या मानाने स्वच्छ होत्या. तिथेच कारण कळलं. खारी हवा आणि ओल पिनांमध्ये बसते, केबल चार्जरला लावलेली राहिली की व्होल्टेज असलेल्या पिनेचा धातू झिजायला लागतो. वरचा सोनेरी मुलामा इतका पातळ असतो की तो गेला की खालचं तांबं उघडं पडतं. आत तारही कल्हई न केलेल्या तांब्याची होती, तीही टोकापासून काळी पडत गेली होती.

त्यानंतर परत आलेली प्रत्येक केबल मी सोलून बघायला लागले. कुणाची तार कनेक्टरच्या मानेशी तुटलेली, कुणाची आतली तार केसासारखी बारीक. सी-टाईप केबलींत आणखी एक गोष्ट सापडायची. जुन्या चपट्या यूएसबीकडून सी-टाईपकडे जाणाऱ्या केबलीत 56 किलोओहमचा एक छोटा रोधक असावा लागतो. त्यावरून फोनला कळतं की चार्जरकडून किती करंट ओढायचा. स्वस्त केबलीत तिथे 10 किलोओहमचा बसवलेला असतो, मग चार्जरला झेपत नसतानाही फोन त्याच्याकडून जास्त करंट मागतो. 2015 मध्ये गुगलच्या बेन्सन लिउंग या इंजिनिअरने बाजारातल्या केबली विकत घेऊन, तपासून हा दोष जगासमोर आणला होता. आमच्याच खुंटीवर तशा केबली टांगलेल्या होत्या हे बघून मला झोप लागेना.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. माड आडवे, विजेचे खांब आडवे, कित्येक दिवस वीज नाही. लोक मोटरसायकलच्या बॅटरीवर, होडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करत होते. मुंबईतल्या मुलांना 'आम्ही बरे आहोत' एवढं कळवायला फोन हवा होता. त्या दिवसांत दुकानात पॉवर बँका घेऊन आलेल्या माणसांचे चेहरे मी विसरले नाही. डब्यावर वीस हजार एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं आणि आत जेमतेम दोन वेळा फोन भरेल एवढीच ताकद. आपण लोकांच्या हातात काय देतो याची जबाबदारी दुकानदाराची पण आहे, हे मला तेव्हा पक्कं वाटलं. दादाला म्हटलं, आपण स्वतः करूया. तो म्हणाला, "तू करतलंस तर मी विकतंय."

बाजारही तेव्हा बदलत होता. ॲपलने ऑक्टोबर 2020 मध्ये आयफोन 12 च्या डब्यातून चार्जर काढला, पुढच्या जानेवारीत सॅमसंगने एस 21 मध्ये तेच केलं. म्हणजे चार्जर आणि केबल वेगळी विकत घ्यायची वस्तू झाली. चार्जर आणि पॉवर बँका विकणारी अँकर ही कंपनी 2011 मध्ये गुगल सोडलेल्या स्टीव्हन यांगने लॅपटॉपच्या बदली बॅटऱ्यांपासून सुरू केली. आपल्याकडच्या 'बोट' या हेडफोन विकणाऱ्या कंपनीची पहिली वस्तू होती आयफोनची सहज न तुटणारी केबल. हे वाचून माझा धीर वाढला, कारण दोन्हीकडे सुरुवात एका साध्या, लवकर खराब होणाऱ्या वस्तूपासून झाली होती.

आम्ही केबलीपासूनच सुरुवात केली. कल्हई केलेल्या तांब्याच्या तारेचे रीळ पुण्याजवळच्या कारखान्यातून आणायचे, कापायचे, कनेक्टर झाळायचे आणि साच्यात मानेवर रबरासारखं आवरण ओतायचं. मान लांब ठेवली आणि आवरण पिनांच्या मागच्या फटीपर्यंत नेलं, म्हणजे ओल आत शिरायला जागाच नाही. चाचणीसाठी प्रयोगशाळेत पाच टक्के मिठाच्या द्रावणाचा फवारा 35 अंश तापमानाला मारतात. तसं यंत्र आमच्याकडे नव्हतं. तेच पाच टक्के द्रावण घरी करून स्प्रेच्या बाटलीने केबलींवर मारायचे आणि मग त्या दांडीवरच्या आत्याच्या पडवीत, चार्जर चालू ठेवून, टांगायच्या. आत्या रोज संध्याकाळी फोन करून सांगायची कुठली केबल चार्जिंग दाखवत नाही. तिच्या वहीतल्या त्या नोंदींवरून आम्ही कनेक्टरचा पुरवठादार ठरवला.

आता कर्जाचं. ओरोसला जिल्हा उद्योग केंद्रात गेले तेव्हा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती मिळाली. ही योजना 2019 पासून आहे. मी अर्ज केला तेव्हा उत्पादन उद्योगासाठी 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प चालत होता. महिला अर्जदाराला ग्रामीण भागात 35 टक्के, शहरी भागात 25 टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त 5 टक्के. अर्ज माझ्या नावाने केला त्याचं हेच कारण. प्रकल्प अहवालात बहुतेक जण यंत्रांच्या किमती भरतात आणि खेळतं भांडवल वरवर लिहितात. बँकेने माझं प्रकरण तिथेच अडवलं. साहेबांनी विचारलं, "जून-जुलैत विक्री निम्मी का दाखवली?" मी त्यांना सांगितलं की 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बंदरावरच्या दुकानांचा पैसा तेव्हा आटतो आणि गणपतीला चाकरमानी आले की एकदम वर येतो. त्यांनी मागच्या वर्षांची बिलं मागितली. आईने दुकानाची बिलबुकं साल घालून, दोरीने बांधून माळ्यावर ठेवली होती. ती बिलबुकं बँकेत दाखवली आणि प्रकरण पुढे सरकलं.

तीच बिलबुकं पुन्हा कामी आली ट्रेडमार्कला, म्हणजे ब्रँडचं नाव सरकारकडे नोंदवायला. हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण इथे लोक उशीर करतात आणि पुढचं सगळं याच्यावर अडतं. आमच्या सी.ए. काकांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, माल नंतर, नाव आधी. इलेक्ट्रॉनिक्सचा माल ट्रेडमार्कच्या वर्ग 9 मध्ये येतो. ऑनलाईन अर्जाची फी कंपनीला 9000 रुपये आणि व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला 4500. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. ती आधी करा, मग ट्रेडमार्क.

आमच्या नावात किनाऱ्याचा उल्लेख आहे. त्यामुळे तपासणी अहवालात ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 चा आक्षेप आला की हे नाव वस्तूचं भौगोलिक मूळ सांगतं, एकट्याला देता येत नाही. असा अहवाल आला की एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. आम्ही उत्तरात दोन गोष्टी मांडल्या. एक, नाव जसं लिहितो ती अक्षरांची घडण आणि शेजारचं चित्र मिळून एक वेगळं चिन्ह होतं. दुसरी, दादा दुकानाच्या दुरुस्तीच्या पाकिटांवर हे नाव बऱ्याच आधीपासून छापत होता. त्यासाठी वापराचं प्रतिज्ञापत्र आणि सोबत बिलबुकांतली बिलं जोडली, ज्यांच्या डोक्यावर तेच नाव छापलेलं होतं. सुनावणी व्हिडिओवर झाली. दादा दुकानातून आणि मी कारखान्यातून जोडलेली होते. आक्षेप उठला, चिन्ह ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं, आणि तिथून चार महिने कुणीही विरोध करू शकतो. कुणी केला नाही. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत आम्ही डब्यावर फक्त 'टीएम' छापलं. वर्तुळातला 'आर', म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, नोंदणीआधी छापणं गुन्हा आहे, आणि अनेक जण सर्रास छापतात. नोंदणी दहा वर्षं चालते, मग नूतनीकरण.

हे नाव पुढे कुठे लागलं तर पॉवर बँकेला. पॉवर बँक आणि चार्जिंग ॲडॉप्टर यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते, मानक आयएस 13252 भाग 1. आतल्या लिथियम सेलला वेगळं मानक, आयएस 16046. ही नोंदणी ब्रँडला मिळत नाही, माल जिथे बनतो त्या कारखान्याला मिळते. आम्ही पॉवर बँक स्वतः बनवत नाही, नोएडाच्या एका कारखान्याकडून आमच्या मापाने बनवून घेतो. त्या कारखान्याच्या नोंदणीत आमचा ब्रँड घालायचा तर नाव आमचं आहे याचा कागद आणि आमचं अधिकारपत्र द्यावं लागलं. ट्रेडमार्कची फाईल तयार होती म्हणून हे काम अडलं नाही. ग्राहकाने एक करावं: पॉवर बँकेच्या मागचा 'आर' ने सुरू होणारा नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकावा. कारखाना आणि ब्रँड जुळले नाहीत तर ती वस्तू घेऊ नये.

क्षमतेबद्दल मी दादाशी भांडले. 10000 एमएएच हा आकडा आतल्या सेलचा असतो, 3.7 व्होल्टवरचा. म्हणजे 37 वॉट-तास. फोनकडे 5 व्होल्टने जाताना हिशोब होतो 7400, त्यातून रूपांतरात काही ताकद उष्णतेत जाते, हाती साधारण सहा हजारांच्या वर उरते. दादाचं म्हणणं, सगळे मोठा आकडा छापतात, आपण लहान छापला तर कोण घेईल? मी दोन्ही छापले, मिळणारा आकडा मोठ्या अक्षरात. गिऱ्हाईक विचारतं, दुकानदार समजावतो, आणि समजलेलं गिऱ्हाईक परत येतं.

डब्याचे नियम चटकन सांगते. आवेष्टित (पॅकबंद) वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन छापावा लागतो. पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांत वैधमापनशास्त्र (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाकडे नोंदणीचा अर्ज करायचा. जीएसटी 18 टक्के. एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम आहेत, उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची. आम्ही दुकानांतून जुन्या केबली गोळा करतोच, त्यामुळे हे मला ओझं वाटलं नाही.

विक्रीत आमचा एकच नियम आहे: खराब केबल आली की प्रश्न न विचारता बदलायची, पण जुनी केबल आमच्याकडे परत यायला हवी. दुकानदार ती पाकिटात घालून एसटीने कुडाळला पाठवतात. कारखान्यातल्या बायका, बचत गटातून आलेल्या, झाळकाम करणाऱ्याच, ती सोलतात आणि कारण वहीत लिहितात. कुणाचा झाळ सैल होता हे तिला स्वतःलाच दिसतं, मला बोलावं लागत नाही. वेंगुर्ल्याहून मान तुटलेल्या केबली जास्त यायच्या. चौकशी केली तर कळलं, होडीवर चार्जर वर टांगलेला आणि फोन खाली, म्हणजे हेलकाव्यात सगळा ताण मानेवर. त्यांच्यासाठी काटकोनी कनेक्टरची केबल काढली. ती आता सगळ्या बंदरांवर जाते.

उधारीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. कायद्याने लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, पण ओळखीच्या दुकानदाराला जुलैत कायदा दाखवणं मला जमत नाही. आम्ही हिशोबच ऋतूप्रमाणे बसवला आहे. मेअखेर जुनी बाकी मिटवायची, पावसाळ्यात कमी माल रोखीने, नारळी पौर्णिमेनंतर गणपतीचा माल उधारीवर. मोठ्या शहरातल्या एका साखळी दुकानाने मोठी ऑर्डर देऊ केली होती, पैसे मात्र चार महिन्यांनी. ती मी घेतली नाही. तेवढा माल अडकला असता तर इथल्या दुकानांना गणपतीत काही देता आलं नसतं.

सध्या गोव्याहून, पेडणे आणि म्हापसा भागातून विचारणा आहे. साच्याचं दुसरं यंत्र येईपर्यंत त्यांना थांबायला सांगितलं आहे. यंत्राचे पैसे भरले आहेत, पायाही घालून झाला आहे, वीजजोडणीचा वाढीव भार मंजूर व्हायचा बाकी आहे. त्याचा अर्ज दादाने मागच्या आठवड्यात दिला.